शूमनचं 'किंडरझेनन' वुडविंड क्विंटेटसाठी : दम कुठं घ्यायचा?

'ट्रॉइमराय' ('स्वप्नरंजन') या पियानो-तुकड्याच्या माझ्या मांडणीचा नवा मसुदा परवा सगळ्यांनी मिळून वाजवला आणि आता तो कायम ठेवायचा असं ठरवलं आहे. या एका पानावर मी बराच काळ अडकून होतो आणि त्याला कारणही तसंच होतं. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमनच्या 'किंडरझेनन' ('बालपणीची दृश्यं') या संचातले बाकीचे तुकडे कसे मांडायचे हे या चोवीस बारांवर (ठोक्यांच्या गटांवर) ठरणार होतं.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. 'किंडरझेनन', ओपस १५, हे १८३८ सालचे तेरा छोटे पियानो-तुकडे. शूमननं असे तीसेक लिहिले आणि त्यातले निवडून ठेवले, हे त्यानंच क्लाराला, आपल्या होणाऱ्या बायकोला, पत्रातून कळवलं होतं. ते मी फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बसून (bassoon, खालच्या सुरांचं वाद्य) या पाच वाद्यांसाठी मांडतो आहे. अँटोन राइखानं या पाचांसाठी चोवीस क्विंटेट लिहिली, फ्रान्झ डान्झीनं नऊ. पुढं विसाव्या शतकात, १९२२ साली, कार्ल नील्सननं लिहिलेलं क्विंटेट तर मला पाठ आहे. पण मधल्या काळातले जे संगीतकार मला सगळ्यात जवळचे, त्या शूबर्ट, मेंडेल्सन, शूमन, ब्राम्स यांच्यापैकी एकानंही या पाच वाद्यांसाठी क्विंटेट लिहिलं नाही. ते संगीत आपल्या फुंकेतून ऐकायचं असेल तर मांडणी करण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

नागपुरात हे पाच जण जमवणं म्हणजे वेगळंच काम. फ्लूट वाजवणारी मुलगी इंजिनिअरिंगला आहे. क्लॅरिनेटवर इतवारीतले एक काका आहेत, ज्यांचं आयुष्य लग्नाच्या बँडमध्ये गेलं. हॉर्न वाजवणारे काका लष्करी बँडमधून निवृत्त होऊन कामठीत राहतात. ओबो आणि बसून वाजवणारं कुणी सध्या नाही. ओबोचा पार्ट (त्या वाद्याची ओळ) सोप्रानो सॅक्सोफोनवर वाजतो आणि बसूनचा युफोनियम या पितळी वाद्यावर. स्कोअर (पाचही ओळी एकत्र असलेलं पान) मात्र मी खऱ्या क्विंटेटसाठीच लिहितो आणि बदली वाद्यांचे पार्ट वेगळे काढतो. आपल्या बँडवाल्यांना युफोनियमचा पार्ट ट्रेबल क्लेफमध्येच (वरच्या सुरांच्या लेखनात) वाचायची सवय असते, म्हणून तो खऱ्या सुरापेक्षा एक सप्तक आणि एक पूर्ण स्वर वर लिहावा लागतो. म्युझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकचं काम, पण ते लक्षात ठेवून करावं लागतं. अशी बदली वाद्यं घेऊन वाजवण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या कॅलेफॅक्सनं तर १९८५ पासून ओबो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बास क्लॅरिनेट आणि बसून असं आपलंच पंचक उभं केलं आणि त्यासाठी शेकडो वर्षांचं संगीत मांडून घेतलं.

आता मुद्द्याचं. सुरुवातीला पियानोचे स्वर पाच जणांत वाटले, सूर सगळे जागच्या जागी बसले, संगणकावर ऐकायलाही छान वाटलं. मग क्लॅरिनेटवाल्या काकांनी पान वरपासून खालपर्यंत नीट वाचलं आणि म्हणाले, "भाऊ, बोटाखाली तं सगळं बसून राहिलं. पण दम कुठं घेऊ, ते लिहिलंच नाही तुम्ही." त्या दिवसापासून माझी कामाची पद्धतच बदलली. आता कोऱ्या स्कोअरवर आधी पाचही ओळींत श्वासाच्या खुणा करतो आणि स्वर नंतर भरतो.

पियानोवादकाला दम लागत नाही आणि पेडल दाबलं की मागचा नाद आपोआप रेंगाळतो. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी लिहूनच घडवाव्या लागतात. 'ट्रॉइमराय'चं एक वाक्य चार बारांचं, म्हणजे सोळा ठोक्यांचं. छापील आवृत्तीत मेट्रोनोम १०० (मिनिटाला १०० ठोके) दिलेला आहे, त्या चालीनं ते ९.६ सेकंदांत संपतं. पण ही चाल फार जलद म्हणून तिच्यावर वाद आहे आणि पियानोवादक सर्रास कितीतरी सावकाश वाजवतात. ६० च्या चालीनं तेच वाक्य १६ सेकंदांचं होतं आणि तेवढं एका दमात, हळुवार आवाजात ओढणं फ्लूटला फार जड जातं. आम्ही ७२ च्या आसपास स्थिरावलो. तिथं संगीताला निवांतपणा राहतो आणि वाक्य साडेतेरा सेकंदांच्या आत येतं.

शिवाय पाचही वाद्यांचा दम सारखा नसतो. फ्लूटची अर्धी हवा तर भोकाच्या काठावरून बाहेरच जाते, म्हणून तिला वरचेवर श्वास हवा. ओबोचं उलटं आहे. त्याच्या पातीतून हवा इतकी थोडी जाते की वादकाच्या छातीत शिळी हवा कोंडून राहते. त्याला आधी सोडायला जागा हवी आणि मग घ्यायला. म्हणून खऱ्या ओबोच्या ओळीत मी श्वासाच्या जागी नुसती स्वल्पविरामासारखी खूण न करता पूर्ण अर्ध्या ठोक्याची विश्रांती लिहितो. सॅक्सोफोनवाल्याला ती लागत नाही, पण त्यानं ती पाळावी असा माझा आग्रह असतो, कारण त्या रिकाम्या जागेत बाकीच्यांचे सूर ऐकू येतात.

आता पहिली ओळ जवळून बघू. मधल्या सी वरून सुरुवात, मग एफ, तो लांब धरलेला, आणि त्यानंतर ई, एफ, ए, सी असं चढत वरच्या एफ पर्यंत. सबंध ओळ एका क्लॅरिनेटला देता येते, स्वर सगळे आवाक्यात आहेत. पण बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर तो लांब एफ म्हणजे लिहिलेला जी (क्लॅरिनेट, हॉर्न यांच्यासाठी स्वर ऐकू येतो त्यापेक्षा वर लिहितात), गळ्याच्या भागातला, बोटं सगळी उघडी असतानाचा स्वर. तो या वाद्याचा सगळ्यात फिका स्वर आणि नेमका त्याच्यावरच थांबायचं! फ्लूटला द्यावी तर तिचा मधला सी म्हणजे तळाचा स्वर, नुसता श्वास ऐकू येतो. ओबो तळाशी हळू वाजत नाही, तिथं त्याचा आवाज टोकदार होतो. म्हणून पहिले दोन स्वर हॉर्नला दिले. हॉर्नसाठी ते लिहिलेले जी आणि सी, अगदी घरचे स्वर. हॉर्न एफ धरून ठेवतो आणि हळूहळू विरत जातो, तेवढ्यात ई वर क्लॅरिनेट आत येतो. हे विरत जाणं मी प्रत्येक लांब स्वरावर खुणेनं दाखवतो. पियानोचा स्वर वाजल्या क्षणापासून विझायला लागतो, फुंकीचा विझत नाही. खूण नसेल तर धरलेला एफ पुढच्या चढणीच्या डोक्यावर बसतो.

क्लॅरिनेटला त्या चढणीत लिहिलेल्या जी वरून बी वर जावं लागतं, म्हणजे उघड्या बोटांवरून एकदम सगळी भोकं बंद. तिथं नवशिक्याचा आवाज फाटतो. काका मात्र त्या गळ्याच्या स्वरांच्या वेळीच उजव्या हाताची बोटं खाली दाबून ठेवतात, त्यामुळं स्वर थोडा गोलही होतो आणि ओलांडताना फक्त डावा हात हलतो. ही सवय त्यांना वरातीत चालता चालता वाजवून लागली. मी ती आता पार्टमध्ये लिहून ठेवली आहे.

दुसऱ्या वाक्यात सूर आणखी वर, ए पर्यंत झेपावतो. तिथं फ्लूट हवीच. पण नुसता वरचा ए तिला दिला तर जोड दिसते. म्हणून आधीचा सी दोघांच्याही पार्टमध्ये ठेवला : क्लॅरिनेट तो सोडत असतो, फ्लूट त्याच्यावर हळूच येते आणि मग उडी घेते. आता सगळ्या मांडणीत हाच नियम पाळतो आहे. ओळ एकाकडून दुसऱ्याकडे जाताना एक स्वर सामाईक ठेवायचा, आणि ज्यानं ओळ सोडली त्यानं तिथंच दम भरून घ्यायचा.

शेवटाकडे जिथं सगळे थांबतात, तो लांबवलेला सूर तर शूमननं जणू आपल्यासाठीच ठेवलाय. तिथली संगती जी, बी, डी, एफ, ए अशी पाच स्वरांची आहे आणि वाजवणारेही पाच. तळचा जी बसूनला, वरचा ए फ्लूटला, उरलेले तीन मधल्या तिघांत. एकही स्वर दोनदा नाही, एकही गाळलेला नाही. परवा तिथं आल्यावर सगळे जण ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबले आणि मी कुणालाही अडवलं नाही.

पहिला तुकडा, 'फॉन फ्रेम्डेन लेंडर्न उंड मेन्शन', त्या मानानं सरळ गेला. मधला ट्रिपलेटचा (एका ठोक्यात तीन स्वरांचा) प्रवाह शूमननं पियानोच्या दोन हातांत वाटला आहे, तो मी क्लॅरिनेटला दिला. बसून ज्या ठोक्यावर खालचा स्वर देतो, तिथं क्लॅरिनेटचा पहिला स्वर अधूनमधून गाळला, की तेवढ्यात दम होतो आणि ऐकणाऱ्याला फट जाणवत नाही. चौथा आणि पाचवा तुकडा जोडूनच वाजवावेत, कारण चौथा संपतच नाही. तो डोमिनंट सेव्हन्थवर, म्हणजे पुढं सुटायची वाट बघणाऱ्या स्वरसंगतीवर, लोंबकळत राहतो आणि पाचवा त्याला डी मेजरमध्ये घरी आणतो. दोघांच्या मध्ये पान उलटायला लागू नये म्हणून पार्टची छपाई नव्यानं केली.

खरा पेच बाराव्यात आहे, झोपी जाणाऱ्या मुलाच्या तुकड्यात. ई मायनर, मध्ये ई मेजर. बी-फ्लॅट क्लॅरिनेटला तो मधला भाग एफ-शार्प मेजर होतो, म्हणजे सहा शार्प (चढवलेले स्वर). अर्धा स्वर खाली लागणारा ए-क्लॅरिनेट असेल तर तेच जी मेजर, एका शार्पचं सोपं काम. आमच्याकडे ए-क्लॅरिनेट नाही. मग सगळा तुकडा अर्धा स्वर वर, एफ मायनरमध्ये नेला. क्लॅरिनेटचा मधला भाग जी मेजर झाला आणि हॉर्नचा सी मेजर, दोघंही खूश. पण हा तुकडा ए मायनरच्या सुरावर संपतो आणि तिथून तेरावा, शेवटचा, जी मेजरमध्ये उगवतो. बारावा वर नेला की तेरावाही ए-फ्लॅट मेजरमध्ये न्यावा लागतो, नाहीतर तो दुवाच तुटतो. आणि तेरावा हलवला की पहिला आणि शेवटचा दोन्ही जी मेजरमध्ये असण्याची शूमनची योजना मोडते. ती मोडायला माझं मन घेत नाही. तूर्त असं ठरवलंय : आम्ही निवडक तुकडेच वाजवतो आहोत, तर बारावा-तेरावा या जोडीचे वर चढवलेले पार्ट इथल्यासाठी, मूळ स्कोअर मात्र मूळ पट्टीतच राहील, ए-क्लॅरिनेटच्या पार्टसह.

उन्हाळ्याविषयीही लिहून ठेवतो, कारण बाहेरगावच्या मित्रांना याची कल्पना नसते. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो आणि फुंकीच्या वाद्याचा सूर चढतो. हिशेबानं दर अंशाला तीन सेंटच्या आसपास (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), प्रत्यक्षात थोडा कमी, कारण फुंकेची ऊब आत आधीच असते. मे महिन्यातल्या नागपुरात हा फरक चांगलाच कानाला लागतो आणि पाचही वाद्यं सारखी चढत नाहीत. मोबाइलवरचा ४४० चा काटा (ट्यूनर) बाजूला ठेवून आम्ही हॉर्नच्या एफ वर सूर जुळवतो. धरमपेठेत माझ्या हॉलमध्ये वाजवताना कूलर बंदच ठेवावा लागतो. त्याच्या घरघरीत बसूनची ओळ पार बुडते. त्यामुळं सराव सकाळी सातलाच. रीड (फुंकायच्या पात्या) कोरड्या हवेत वाकतात, म्हणून जुने वादक पेटीत संत्र्याच्या सालीचा तुकडा ठेवतात. उपाय चांगला आहे, फक्त साल रोज बदलावी, नाहीतर बुरशी धरते.

आता अकरावा हाती घेतो आहे, 'फुर्शटनमाखन'. त्यात हळू आणि जलद भाग आलटून पालटून येतात, तेव्हा दम भरायला जागा पुष्कळ आहे. तिथं प्रश्न जिभेचा आहे, जलद भागातले तुटक स्वर युफोनियमवर किती स्वच्छ येतात याचा. आणि विदर्भात कुणाच्या कपाटात ए-क्लॅरिनेट पडून असेल, पॅड (भोकं झाकणाऱ्या गाद्या) गेलेला का असेना, तर तो मला बघायचा आहे. पॅड बदलून घ्यायची तयारी आहे आणि वाजवायला काका तयारच आहेत.