भात सोडण्याआधी तेलाचा डबा बघा

वजन उतरवायचं ठरलं की पानातून पहिली हकालपट्टी भाताची होते आणि त्याच्या जागी एक भाकरी जास्त वाढली जाते. हिशेब फसतो तो इथेच.

30 ग्रॅम तांदळाचा साधारण वाटीभर भात होतो, कॅलरी शंभरच्या आसपास. एका मध्यम भाकरीला 50-60 ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे पावणेदोनशे ते दोनशे. कच्च्या वजनाला तांदूळ आणि ज्वारी कॅलरीत जवळपास सारखेच. ज्वारीची बाजू वरचढ ठरते ती चोथ्यामुळे: 100 ग्रॅमला सुमारे 10 ग्रॅम, पांढऱ्या तांदळात जेमतेम 3. त्यामुळे दोन भाकरींत पोट भरतं. तरीही तिसरी घेतली, तर ज्वारीने काय करावं?

भात-पोळी दोन्ही बंद करणाऱ्यांचा काटा पहिल्या आठवड्यात झरझर उतरतो, हे खरं. पण यकृत आणि स्नायूंमधल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे शरीराने साठवलेल्या साखरेच्या, दर ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी साठलेलं असतं. साठा संपला की तेही जातं. चरबी फारशी हललेली नसते, म्हणून सणाचं एक जेवण झालं की काटा पुन्हा वर.

भातापेक्षा वरणाकडे बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहारसूचनांत 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं (किंवा अंडी-मांस) आणि 400 ग्रॅम भाज्या आहेत. आपल्याकडे मूठभर तुरीचं वरण चौघांत पुरवतात. 30 ग्रॅम कोरड्या डाळीतून साधारण 6-7 ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि 60 किलोच्या माणसाला रोज सुमारे 50 लागतात. वरण पळीवाढं नको, घट्ट हवं. शेजारी उसळ, दही.

उपवासाची साबुदाणा खिचडी 'हलकी' का म्हणतात, कोण जाणे! साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, वर तूप आणि दाण्याचा कूट. त्यातली प्रथिनं काय ती दाण्यांची. एकादशी करायचीच तर वाटीभर खिचडी, सोबत काकडीची कोशिंबीर आणि ताक.

आता तेल. त्याच सूचनांत तेला-तुपाला माणशी रोज 27 ग्रॅम धरले आहेत. चौघांना महिन्याला सव्वातीन किलो, म्हणजे तूप धरून साडेतीन लिटर. पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनने तारीख घाला, महिनाअखेरीस रिकाम्या पिशव्या मोजा. फोडणी पळीने न ओतता चहाच्या चमच्याने घाला. एका सपाट चमच्यात साडेचार ग्रॅम, म्हणजे 40 कॅलरी.