बरसीमच्या बियाण्यावर सातेरी – उन्हाळ्यातली प्रगती

नमस्कार मंडळी, बरसीमच्या (जनावरांच्या चाऱ्याचं, क्लोव्हरच्या जातीचं पीक) बियाण्यासाठी सातेरी, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या पेट्या ठेवल्या होत्या, बरेच जण विचारत होते त्याचं पुढं काय झालं म्हणून, तर घ्या सविस्तर.

आधी थोडं मागचं. कोरेगावकडं आमचे मामा म्हशींसाठी दरवर्षी बरसीम करतात आणि बी दरवर्षी विकतच. त्या बियात कासनी (एक तण) इतकी निघते की पेरायच्या आधी बी मिठाच्या पाण्यात टाकून तरंगलेलं काढून टाकावं लागतं, तरी थोडी राहतेच. म्हणून यंदा मामांनी शेवटची कापणी उरकली आणि दहा गुंठे बियाण्याला सोडले. मी म्हणलं मामा पेट्या माझ्या, रान तुमचं. वाईजवळच्या आमच्या रानातून चार सातेरी पेट्या रात्री गेटला जाळी ठोकून टेम्पोनं नेल्या, आंब्याच्या सावलीत स्टँडवर ठेवल्या, स्टँडच्या पायाखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या, आणि शेजारी पाण्याचं पसरट भांडं खडे टाकून, म्हणजे माश्या बुडत नाहीत.

पेट्या मी मुद्दाम उशिरा नेल्या. गोंडे (बरसीमच्या फुलांचे झुबके) नीट उमलायला लागल्याशिवाय नेल्या तर माशी दुसरीकडं जिथं मिळेल तिथं चरायला लागते आणि एकदा तिला तिकडची वाट लागली की लवकर वळत नाही. शेजारच्या पाटलांचं कांद्याचं बियाणं होतं, तेही फुलात. मला त्याचीच काळजी होती, पण माश्यांनी बरसीमच धरलं. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं, त्यामुळं समोर दुसरं चांगलं काही असेल तर माशी कांद्याला फारशी भाव देत नाही. पाटीलकाका मात्र नाराज, म्हणले तुमच्या माश्या माझ्या बांधावरून जातात पण थांबत नाहीत. पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी वेगळ्या पेट्या, बरसीम फुलायच्या आधी, असं ठरलंय. माणूस मोठा चांगला, फुलकिड्यांची फवारणी त्यांनी माझ्या सांगण्यावरून दिवेलागणीला केली, आदल्या दिवशी फोन करून, त्याशिवाय हे काही जमलंच नसतं.

आता खरी मजा. उन्हं चढली की गोंड्याजवळ उकिडवं बसून बघा. गोंडा खालून वर उमलत जातो, माशी एका फुलावर बसते, डोकं आत घालते, तिच्या वजनानं खालच्या पाकळ्या दबतात आणि आतले पुंकेसर आणि कुक्षी बाहेर येऊन तिच्या डोक्याखाली घासतात, ती उठली की पाकळ्या परत जागेवर. लगेच शेजारचं फूल. एका गोंड्यावर अशी फेरी मारून मग पुढचा गोंडा. आणि महत्त्वाचं म्हणजे बरसीमच्या एका फुलात दाणा धरतो एकच. सूर्यफूल असो की बरसीम, माशी लागते हे सगळेच म्हणतात, पण इथं हिशोब अगदी सरळ आहे, जेवढ्या फुलांवर माशी बसली साधारण तेवढेच दाणे.

हे मामांना पटावं म्हणून काही गोंड्यांना उमलायच्या आधीच मलमलच्या पिशव्या बांधल्या. क्लोव्हरवर असाच झाकून बघायचा प्रयोग डार्विननं केलेला, त्याच्या लाल क्लोव्हरच्या 100 उघड्या गोंड्यांत 2,700 बिया आणि झाकलेल्या तेवढ्याच गोंड्यांत एकही नाही. आमच्याकडं झाकलेल्यात अगदीच शून्य नाही आलं, थोडे दाणे होते, पण उघडा गोंडा तळहातावर चोळला की पिवळे चकचकीत दाणे ओंजळीत पडायचे आणि झाकलेला चोळला की नुसतं भुसकट. मामांनी दोन्ही हातावर घेऊन बघितलं आणि मामींना हाक मारली.

सगळं श्रेय माझ्या पेट्यांचं नाही हेही सांगतो. आग्या माश्या दुपारी जोरात होत्या, फुलोरीही (छोटी रानमधमाशी) दिसली. पिशवीनं फक्त एवढं कळलं की माश्या नसतील तर बी जवळपास नाहीच, कुठल्या माशीनं किती केलं ते नाही.

लाल क्लोव्हर आपल्याकडं नाही ते बरंच, त्याच्या फुलाची नळी इतकी खोल की मधमाशीची जीभ तळापर्यंत पुरत नाही. न्यूझीलंडला त्यासाठी 1885 मध्ये इंग्लंडहून भुंगे (लांब जिभेच्या बंबलबी माश्या) नेऊन सोडले होते!

मधाचं म्हणाल तर काढला नाही. उन्हाळा कडक आहे, पुढं पावसाळा, वसाहतींना खायला लागेल. चारही पेट्यांत पिल्लाकोठी (माश्यांची पिल्लं वाढतात तो कप्पा) भरलेली आहे, मेणकिडा (पोळ्याचं मेण खाणारी अळी) नाही. बी दाणे टणक व्हायला लागल्यावर मामांनी पाणी तोडलं, नाहीतर परत हिरवा पाला फुटत बसतो. आता मळणी झाली की वजन सांगतो.

पुढचा विचार लसूणघासाचा (लुसर्न, हेही चाऱ्याचंच पीक) आहे. तिथं फूल माशीच्या तोंडावर फटकन उघडतं म्हणून शहाण्या माश्या बाजूनं मकरंद चोरतात असं वाचलंय. कुणी सातेरी किंवा मेलिफेरा (पेटीत पाळतात ती युरोपियन मधमाशी) लसूणघासाच्या बियाण्यावर ठेवलीय का? पेट्या किती ठेवल्या आणि केव्हा नेल्या तेवढं तरी सांगा.