प्रा. मधु दंडवते गेले, त्या दिवशीचे पान

मुंबईतील एका मराठी दैनिकात मी बरीच वर्षे उपसंपादक होतो. मोठी व्यक्ती गेल्याची बातमी आली की डेस्कवर पहिला प्रश्न जागेचा असतो आणि दुसरा मथळ्याचा. म्हणजे गेलेल्या माणसाला एका ओळीत काय म्हणायचे, हे ठरवायचे असते. १२ नोव्हेंबर २००५ रोजी, शनिवारी, समाजवादी नेते आणि माजी रेल्वेमंत्री व अर्थमंत्री प्रा. मधु दंडवते यांच्या निधनाची बातमी आली, तेव्हा या दुसऱ्या प्रश्नाने मला जितके अडवले तितके एरवी कधी अडवले नव्हते. तीनच दिवसांपूर्वी माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन गेले होते, त्यामुळे अंकात आधीच दाटी होती. तरीही दंडवत्यांसाठी आतले एक पूर्ण पान मोकळे करण्यात आले आणि मी मूळचा कुडाळकडचा म्हणून ते माझ्याकडे आले.

वृत्तसंपादकांनी मथळा सुचवून ठेवला होता : ‘कोकण रेल्वेचे शिल्पकार’. त्यात खोटे काहीच नव्हते. रात्रभर एसटीत अंग आंबवून मुंबईहून गावी जाणाऱ्या माझ्या पिढीला या रेल्वेचे मोल कोणी सांगायला नको. तरीही संदर्भ विभागातून आलेले कात्रणांचे जाड पाकीट उघडून मी वाचत गेलो, तसतसा हा मथळा मला अपुरा वाटू लागला.

कोकणातला राजापूर लोकसभा मतदारसंघ दंडवत्यांच्या आधी बॅ. नाथ पै यांचा होता. १९५७ पासून ते तिथून सलग निवडून आले आणि जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. त्यानंतर लगेचच लोकसभेची निवडणूक लागली. ती इंदिराबाईंच्या लाटेची निवडणूक होती. प्रजा समाजवादी पक्षाचे देशभरातून दोनच उमेदवार विजयी झाले आणि त्यांतले एक होते सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे, नगरला जन्मलेले, कोकणी माणसाला तसे परके असलेले दंडवते. पुढे १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ अशा चारही निवडणुका त्यांनी तिथूनच जिंकल्या. १९८४ मध्ये राज्यातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसकडे गेल्या, तेव्हाही राजापूर ढळले नाही. ज्या मतदारसंघात साखर कारखाने नाहीत, सहकारी बँकांचे जाळे नाही आणि उमेदवाराच्या मागे पैशाचे बळ नाही, तिथे एखादा माणूस केवळ सभागृहातल्या कामावर वीस वर्षे टिकतो, ही गोष्ट मला रेल्वेइतकीच मोठी वाटत होती.

हे काम कसे होते, ते पाकिटातल्या एकाच कात्रणावरून कळत होते. १९७५ च्या जून महिन्यात दंडवते बंगळूरला गेले होते ते पक्षांतरबंदीच्या विधेयकावर विचार करणाऱ्या संसदीय समितीच्या बैठकीसाठी. तिथेच आणीबाणीच्या पहिल्या दिवशी त्यांना, अटलबिहारी वाजपेयींना आणि लालकृष्ण अडवाणींना अटक झाली. इकडे त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात होत्या. दोन तुरुंगांतून हे पतिपत्नी एकमेकांना पत्रे लिहीत राहिले आणि १९८० मध्ये दोघेही एकाच लोकसभेत बसले, दंडवते राजापूरचे म्हणून आणि प्रमिलाताई मुंबईच्या. प्रश्नोत्तरे, कपात सूचना, स्थगन प्रस्ताव, समित्यांच्या बैठका ही संसदीय आयुधे पुष्कळांच्या हाती असतात. ती रोज घासूनपुसून वापरणारे थोडे असतात आणि दंडवते त्या थोड्यांतले होते.

संध्याकाळी डेस्कवरचा फोन वाजला. पलीकडून एक वृद्ध गृहस्थ बोलत होते. त्यांनी आधी बातमी खरी आहे का, असे विचारले, मग काही वेळ ते गप्प राहिले आणि म्हणाले, “साहेब, नानांबद्दल लिहिताना चौऱ्याहत्तरच्या संपाचं तेवढं लिहा. आम्हाला घरी बसवलं होतं. पोरांच्या फी थकल्या होत्या. नाना मंत्री झाले आणि आम्हाला परत कामावर घेतलं. हे लोक विसरतील.” मे १९७४ च्या रेल्वे संपात बडतर्फ झालेल्यांपैकी ते एक होते. नाव छापू नका म्हणाले, म्हणून मी विचारलेही नाही. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर दंडवत्यांनी या कर्मचाऱ्यांना पुन्हा सेवेत घेतले, ही नोंद कात्रणांत दोन ओळींची होती. ती मी पानाच्या वरच्या भागात आणली.

त्या खात्यातले त्यांचे दुसरे काम तर देशातल्या जवळजवळ प्रत्येक प्रवाशाने अंगाखाली अनुभवले आहे. तोवर दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात नुसत्या लाकडी फळ्या असत. लांबच्या प्रवासात पाठीवर फळीचे वळ उठत आणि म्हातारी माणसे कांबळ्याची चौघडी करून खाली घालत. या फळ्यांवर दोन इंच जाडीचे फोम बसवायला दंडवत्यांनी सुरुवात केली. पहिल्या वर्गाला खाली ओढायचे नाही, दुसऱ्या वर्गाला वर आणायचे आहे, ही त्यांची भूमिका होती. २६ डिसेंबर १९७७ पासून मुंबई आणि हावड्यादरम्यान गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तीही अशी, की तिच्यात वर्ग एकच. समाजवादावर आपल्याकडे व्याख्याने उदंड झाली आहेत, पण गरिबाच्या पाठीचा इतका नेमका विचार करणारा समाजवाद मला दुसरा दिसलेला नाही.

कोकण रेल्वेचा भाग मी सविस्तर लिहिला, कारण तो मंत्र्याच्या एका सहीत आटोपणारा नव्हता. १९८९ च्या अखेरीस दंडवते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून एवढा पैसा निघणे शक्य नव्हते, म्हणून १९ जुलै १९९० रोजी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. त्याच्या भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के, तर भागभांडवलाखेरीज लागणारा मोठा निधी रोख्यांतून उभा करायचा, असे ठरले. तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे होती, तो माणूस या मागणीसाठी जवळजवळ वीस वर्षे सभागृहात उभा राहिलेला होता, हा योगायोग नव्हता. पण पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, राजापूरने त्यांना पराभूत केले. जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला, तेव्हा ते कोकणचे खासदार नव्हते.

या पराभवाचे वाक्य ठेवावे की नाही, यावर आमचा थोडा वाद झाला. “मृत्युलेखात पराभव कशाला?” असे वृत्तसंपादकांचे म्हणणे होते. मी म्हटले, “अहो, ज्या माणसाने लोकशाहीसाठी तुरुंग भोगला, त्याला मतदारांनी दिलेला कौल लपवला, तर त्याचा मान कमीच होईल.” त्यांनी क्षणभर विचार केला आणि वाक्य ठेवले.

रात्री बातमीदाराने कळवले की दंडवत्यांच्या इच्छेनुसार देहदान होणार असून पार्थिव जे. जे. रुग्णालयाला दिले जाणार आहे. अशा बातमीच्या शेवटी अंत्यसंस्कारांची जागा आणि वेळ देण्याची पद्धत असते. तिथे देहदानाचे वाक्य घातले.

मथळा शेवटी ‘संसदेतील व्रतस्थ’ असा झाला आणि कोकण रेल्वे उपमथळ्यात गेली. पान सोडायची वेळ झाली तेव्हा मजकूर अजूनही वाढत होता, म्हणून सुवर्ण नियंत्रण कायद्याचा परिच्छेद काढावा लागला. सोने बाळगण्यावर बंधने घालणारा १९६८ चा हा कायदा दंडवत्यांनी अर्थमंत्री असताना १९९० मध्ये रद्द करवून घेतला होता आणि अनेक सोनारांची परवान्यांच्या जाचातून सुटका झाली होती. तो परिच्छेद मी टाकून दिला नाही. सोमवारच्या अंकात संपादकीय पानावर चौकट करून तो लावून घेतला.