कूस बदलताना

माझ्याकडे उपचाराला आलेल्या गरोदर बाईच्या कागदावर 'कंबरदुखी' लिहिलं होतं. सातवा महिना, दुसरं बाळंतपण. पण ती दारातून आत आली तेव्हाच तिची आखूड, डुलती पावलं वेगळं काही सांगत होती. कुठे दुखतं विचारलं, तर आधी तिनं नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं, मग दोन जांघांच्या मधल्या हाडावर बोट ठेवलं. "इथं. रात्री कूस बदलताना कट्‌कन वाजतं. सगळ्या म्हणतात, गरोदरपणात होतंच."

होतं खरं, साधारण पाचातल्या एकीला. पण म्हणून मुकाट सोसायचं, हे मला अजून पटलेलं नाही.

तिला क्षणभर उताणं झोपवून पाय सरळ ठेवून वीतभर उचलायला सांगितला. कपाळाला घाम आला, पाय जागचा हलेना. मग मी दोन्ही तळव्यांनी तिची कटी, म्हणजे कंबरेखालचा हाडांचा भाग, बाजूंनी घट्ट दाबून धरली. "आता उचला." पाय वर आला. ती माझ्याकडे बघतच राहिली आणि रडायला लागली. दुखणं खरं आहे, हे तिला पहिल्यांदाच कुणीतरी दाखवलं होतं.

कटीच्या हाडांचं एक कडं असतं. पुढच्या सांध्यात, तिनं बोट ठेवलं होतं तिथं, एरवी 4-5 मिलिमीटर फट असते, गरोदरपणात ती आणखी 2-3 मिलिमीटर वाढते. वाढते बहुतेकींची, दुखतं काहींनाच. कारण सांधा सैल झाला की भार स्नायूंनी तोलायचा असतो, आणि ही बाई मोठ्या मुलाला दिवसभर एकाच कडेवर घेऊन फिरत होती!

"बाळाला काही होईल?" नाही, याचा बाळाला धोका नाही.

कूस बदलताना गुडघे जुळवून ठेवायचे, झोपताना मध्ये उशी, कपडे बसून घालायचे, जिना एकेक पायरी. आधाराचा पट्टा आणि पोटा-नितंबांचे हलके व्यायाम. शेवटी टेपनं मोजलं, न दुखता गुडघे किती फाकतात ते, आणि आकडा केसपेपरवर लाल पेननं लिहिला. प्रसूतीच्या वेळी पाय त्यापलीकडे ताणायचे नाहीत, शक्यतो कुशीवर ठेवायचं, असंही खाली लिहिलं.

बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्यात आली. दुखणं बरंच ओसरलं होतं, गेलं नव्हतं. न सांगताच टेबलावर आडवी झाली. मी हात पुढे केले, तर म्हणाली, "थांबा, धरू नका." उजवा पाय सहज वर आला. डावा थरथरत होता. त्याचे व्यायाम अजून चालू आहेत.