शिवीची मल्लिनाथी

विनोद समजावून सांगावा लागला की त्यातला जीव जातो, हे सगळेच मानतात. टोमण्याचे मात्र तसे नाही. टोमणा जितका उलगडून सांगावा तितका तो अधिक लागतो, असे माझे मत अलीकडे पक्के होत चालले आहे, आणि त्याला कारण आहेत रॅप गायकांची भांडणे व ती वाचण्यासाठी मोबाइलवर घेतलेले, गाण्यांचे शब्द दाखवणारे ॲप. वाचण्यासाठीच म्हणतो, कारण नुसते ऐकून माझ्या वयाच्या माणसाच्या हाती फारसे काही लागत नाही. एमिनेमच्या ‘रॅप गॉड’ या २०१३ च्या गाण्यात सहा मिनिटे चार सेकंदांत १,५६० शब्द आहेत आणि त्याची नोंद गिनीज बुकात झालेली आहे. सेकंदाला चारहून अधिक शब्दांच्या वेगाने कोणी कोणाची उणीदुणी काढू लागले, तर ज्याची काढली त्यालासुद्धा ती लेखी मागवून घ्यावी लागतील.

खरे तर कोल्हापूरच्या माणसाला गाण्यातून भांडण्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या जत्रांमधून भेदिक शाहिरीचे सामने रात्र रात्र रंगत आले आहेत. कलगीवाल्यांनी शक्तीला श्रेष्ठ मानायचे, तुरेवाल्यांनी शिवाला. एका फडाने पुराणातले एखादे कूट सवालात गुंफून समोरच्याच्या अंगावर टाकायचे, आणि समोरच्याने ते तिथल्या तिथे, डफ-तुणतुण्याचा ठेका न सोडता, फोडून वर आपला सवाल चढवायचा. शेवटच्या कडव्यात शाहिराने आपले किंवा गुरूचे नाव गोवायचे, म्हणजे हा वार कोणाचा याबद्दल संशय राहायला नको. रॅप गायकही गाण्यात आपले नाव ठासून घेतो, तेव्हा मला तो फारसा परका वाटत नाही. वर्तमानपत्रे हल्ली कलगीतुरा रंगवतात तो पुढाऱ्यांचा. हा शाहिरांवर सरळसरळ अन्याय आहे, कारण पुढाऱ्यांना यमक जुळवावे लागत नाही.

अमेरिकेतही सुरुवात अशी समोरासमोरच झाली. १९८१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या हार्लेम वर्ल्ड या क्लबात कूल मो डी याने बिझी बी या लोकप्रिय कलाकाराचे सर्वांदेखत वाभाडे काढले, आणि त्या रात्रीच्या कॅसेटी हातोहात फिरल्या. १९८४ मध्ये रोक्सॅन शांते या अवघ्या चौदा वर्षांच्या मुलीने एका गाजलेल्या गाण्याला असे खणखणीत उत्तर दिले की त्या उत्तराला उत्तर देणारी गाणी डझनावारी निघाली. आपल्याकडे २०१८ मध्ये रफ्तार हा रॅप गायक एका मुलाखतीत एमीवे बंटाय या दुसऱ्या रॅप गायकाबद्दल काहीतरी बोलला, एमीवेने त्याचे उट्टे गाण्यातून काढले, रफ्तारने उलट गाणे केले, आणि आमच्या शिवाजी पेठेतल्या कट्ट्यांवरही दोन तट पडले. ती मुलाखत ठाऊक नसलेल्या माणसाला त्या गाण्यांत नुसती आदळआपट ऐकू येते. टोमणा कळायला मागची भानगड माहीत असावी लागते, आणि शब्दांच्या ॲपचे सारे भांडवल हेच आहे.

यातले सर्वांत नामांकित जीनियस. ते २००९ मध्ये तीन मित्रांनी सुरू केले तेव्हा त्याचे नाव ‘रॅप एक्सेजेसिस’ होते, म्हणजे रॅपवरचे भाष्य. पुढे ‘रॅप जीनियस’ आणि २०१४ पासून नुसते ‘जीनियस’. गाण्यातल्या ज्या ओळीवर टीप असेल ती ठळक दिसते. “काका, ह्या वळीवर बोट ठेवा की, खाली सगळं उलगडून येतंय,” असे मला गल्लीतल्या ज्या पोराने दाखवले, तो दहावीला मराठीच्या पेपरात रसग्रहण सोडून आला होता. त्या ओळीत एका पायताणाचा उल्लेख होता. टीप सांगत होती की ते पायताण कोणत्या कंपनीचे, त्या कंपनीशी प्रतिस्पर्ध्याचा करार कधी मोडला, आणि म्हणून ही ओळ वरवर फॅशनची दिसली तरी मुळात हाकलले गेल्याची आठवण करून देणारी आहे. पोरगे ते वाचून असे काही हसले की तो करार त्याच्याच समोर मोडला असावा. कालिदासाच्या श्लोकावर जुना टीकाकार मल्लिनाथ जे करतो तेच काम इथे शिवीवर चाललेले आहे.

फरक एवढाच की ‘नामूलं लिख्यते किञ्चित्’, आधाराशिवाय काही लिहिणार नाही, अशी मल्लिनाथाची प्रतिज्ञा होती. ॲपवरच्या टीपकारांवर तसले बंधन नाही. ते बहुतेक कोणत्या तरी एका बाजूचे भक्त असतात, टीप लिहिली की त्यांच्या खात्यावर ‘आयक्यू’चे गुण चढतात, आणि मग कवीच्या स्वप्नातही नसलेले तीन-तीन अर्थ एका ओळीतून निघू लागतात. मे २०२४ मध्ये ड्रेक या रॅप गायकाने केन्ड्रिक लामार या दुसऱ्या रॅप गायकावर गाणे सोडले, त्याला लामारकडून तासाभराच्या आत उत्तर आले आणि दुसऱ्या दिवशी ‘नॉट लाइक अस’ हे आणखी एक. त्या गाण्याला पुढच्या वर्षी पाच ग्रॅमी मिळाले. ड्रेकने गायकावर नव्हे, तर दोघांचीही गाणी काढणाऱ्या युनिव्हर्सल कंपनीवर बदनामीचा दावा लावला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो फेटाळताना न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे पडले की अशा हातघाईच्या गाण्यातले बोल कोणी सुजाण श्रोता वस्तुस्थिती म्हणून घेणार नाही. शिमग्याच्या बोंबेवर अब्रुनुकसानीची फिर्याद होत नाही, हे आपल्याकडे कोर्टात न जाताच ठरलेले आहे.

भांडणे छापणाऱ्या ॲपचेही स्वतःचे एक भांडण झाले, आणि मला ते सर्व डिस ट्रॅकपेक्षा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची उणीदुणी काढणाऱ्या गाण्यांपेक्षा, सरस वाटते. गूगलच्या पानावर दिसणारे शब्द आपल्याकडून उचललेले आहेत असा जीनियसला संशय होता. त्यांनी काही गाण्यांत सरळ आणि वाकडे असे दोन तऱ्हांचे अपॉस्ट्रॉफी ठरावीक क्रमाने पेरले. एक तऱ्हा म्हणजे तारायंत्राच्या मोर्स लिपीतला ठिपका, दुसरी म्हणजे रेघ असे धरून वाचले, की ‘रंगेहाथ’ या अर्थाचे इंग्रजी शब्द उमटत. तीच चिन्हे, त्याच क्रमाने, गूगलवर दिसली. आम्ही हे शब्द परवाना असलेल्या पुरवठादाराकडून घेतो, असे गूगलचे उत्तर होते. २०१९ चा तो खटला जीनियस हरले, कारण शब्दांचा हक्क मुळात त्यांचा नव्हताच; २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यात लक्ष घालायला नकार दिला. दावा गेला, पण भेदिक घालावे तर असे.

मराठी रॅपच्या वाट्याला मात्र हे वैभव अजून यायचे आहे. शब्द सापडले तरी बऱ्याचदा रोमन लिपीत असतात, त्यात ‘काळ’ आणि ‘काल’ एकच होऊन बसतात, आणि टीप तर बहुधा कोणी लिहिलेलीच नसते. रसग्रहण सोडणाऱ्या त्याच पोराने मित्रांसह शेजारच्या पेठेच्या फुटबॉल संघावर एक डिस ट्रॅक रचला आहे. त्यात शाहू स्टेडियमवरचा एक गोल आहे, तिकटीवरचा तांबडा रस्सा आहे आणि एका गोलकीपरच्या मिशा आहेत. पेठेबाहेरच्या माणसाला यातले ओ की ठो कळणार नाही. टिपा लिहायचे काम त्याने माझ्यावर सोपवले आणि मी ते आनंदाने घेतले. मिशांवर अर्धे पान सहज झाले. गोलाच्या ओळीपाशी मात्र दुसऱ्या पेठेतला माझा मेहुणा आडवा आला असून, तो गोल ऑफसाइड होता अशी टीप घातल्याशिवाय हे कुठेही चढवू देणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे.