न हललेले बोट

माझे मामा वर्धा जिल्ह्यातील एका लहानशा गावात शेती करतात. काही वर्षांपूर्वी आषाढात, पेरणी उरकून डवरणीची घाई सुरू असताना, घरात उकडते म्हणून ते छपरीत जमिनीवर सतरंजी टाकून झोपले आणि पहाटे पोट दुखते म्हणून उठले. ओवा झाला, गरम पाणी झाले. पण दिवस उगवेपर्यंत त्यांच्या पापण्या वर होईनात, घोट गिळता येईना आणि बोलणे तोंडातल्या तोंडात राहू लागले. अंगावर दंशाची खूण कुठेच दिसत नव्हती, त्यामुळे साप कुणाच्या मनातही आला नाही. तालुक्याच्या दवाखान्यातील तरुण डॉक्टरांनी मात्र ‘रात्री खाली झोपले होते का’ एवढेच विचारले आणि मण्यार असावी असे सांगून लगेच प्रतिविष सुरू केले. मोठ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्यांचा श्वास थांबत आला होता. तेथे घशात नळी घालून त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवण्यात आले.

पुढचे पाच दिवस मामा निश्चल पडून होते. चिमटा काढला तरी हात मागे घेतला जात नव्हता, बाहुल्या मोठ्या झालेल्या होत्या आणि उजेड टाकला तरी लहान होत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी खाटेशेजारी उभे राहून कुणीतरी म्हणाले की आता यात काही राहिलेले नाही, नातेवाइकांना बोलावून घ्या. मी तेथेच उभा होतो, आणि मनातल्या मनात मलाही ते पटले होते. याची खंत आजही जात नाही, कारण मामा बरे होऊन घरी आल्यावर त्यांनी ते वाक्य मला जसेच्या तसे ऐकवले. “मले समदं आयकू येत होतं,” ते म्हणाले. “नर्सबाईनं पापनी उचलून टॉर्च मारला तवा उजेडाच्या मागं तुहा निळा शर्ट दिसला. बोटाले हजारदा म्हनलं, हाल बाबा, हाल. पन थे हाललंच नाही.”

जाणीव आणि इच्छास्वातंत्र्य यांवरील मेंदूविज्ञानाचे जे काही मी त्यानंतर वाचले, ते या एका वाक्याला जोडूनच वाचले.

शरीरात नेमके काय घडले होते ते आधी सांगतो. मेंदूची आज्ञा चेतातंतूच्या टोकापर्यंत विजेच्या रूपाने येते. तेथून स्नायूपर्यंतची अतिशय अरुंद फट ती असेटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या साहाय्याने ओलांडते. मण्यारीचे विष चेतातंतूच्या या टोकांवरच घाव घालते, त्यामुळे आज्ञा निघते पण स्नायूपर्यंत पोहोचत नाही. प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करू शकते, पण एकदा बिघडलेली टोके दुरुस्त करू शकत नाही. ती नव्याने वाढेपर्यंत श्वासाचे काम यंत्राने करावे लागते. कानाकडून, त्वचेकडून आणि डोळ्याच्या पडद्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या वाटा मात्र या फटीवर अवलंबून नसल्याने शाबूत राहतात. असा रुग्ण वरवर मेंदूमृत वाटू शकतो, आणि म्हणूनच मेंदूमृत्यूची तपासणी करण्याआधी स्नायू लुळे पाडणारे औषध किंवा विष शरीरात नाही याची खात्री करून घ्यावी लागते.

मामांवर नियतीने जो प्रयोग केला, तो एका डॉक्टरने स्वतःवर जाणूनबुजून करून घेतला होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन वॉटसन यांच्यासारख्या वर्तनवादी मानसशास्त्रज्ञांचे म्हणणे असे होते की विचार करणे म्हणजे मुख्यतः स्वरयंत्राच्या सूक्ष्म हालचालींतून स्वतःशी बोलणे. हे खरे असेल तर सगळे स्नायू लुळे पडल्यावर विचारही थांबायला हवा. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतील यूटा येथे भूलतज्ज्ञ स्कॉट स्मिथ यांनी क्युरारे या स्नायू लुळे पाडणाऱ्या वनस्पतिजन्य विषापासून मिळणारे औषध टोचून घेतले आणि त्यांचा श्वास सहकाऱ्यांनी कृत्रिमरीत्या चालू ठेवला. एकही स्नायू हलत नसताना त्यांना प्रश्न विचारण्यात आले. औषधाचा असर उतरल्यावर त्यांनी सांगितले की ते सारा वेळ शुद्धीवर होते आणि त्यांचे विचार नेहमीइतकेच स्वच्छ होते. ते स्वतःच्या मर्जीने त्यात उतरले होते आणि आपण यातून बाहेर येणार हे त्यांना ठाऊक होते. मामांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

आता इच्छास्वातंत्र्याकडे येतो. या विषयावरील बहुतेक चर्चा बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ सालच्या प्रयोगापासून सुरू होते. सॅन फ्रान्सिस्कोमधील या संशोधकाने लोकांना वाटेल तेव्हा बोट किंवा मनगट हलवायला सांगितले, आणि समोरच्या तबकडीवर २.५६ सेकंदांत एक फेरी पूर्ण करणारा ठिपका इच्छा जागी झाली त्या क्षणी कोठे होता हे लक्षात ठेवायला सांगितले. हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी मेंदूत तयारीची लहर उमटू लागत होती, तर इच्छेची जाणीव सुमारे २०० मिलिसेकंद आधी होत होती. मेंदू आधी ठरवतो आणि आपल्याला मागाहून कळते, असा अर्थ पुष्कळांनी यातून काढला. स्वतः लिबेट तेथवर गेले नाहीत. उरलेल्या त्या अवधीत कृती रोखून धरण्याची मुभा जाणिवेला असते, असे त्यांचे मत होते.

या प्रयोगात शून्यबिंदू कोणता धरला होता, या तपशिलाशी मी पुनःपुन्हा येऊन थांबतो. स्नायू हलल्याचा विद्युत्संकेत मिळाला की तो क्षण शून्य मानायचा आणि तेथून मागे मोजत जायचे. असे चाळीसेक प्रयत्न एकमेकांवर ठेवून सरासरी काढली की ती लहर दिसते. म्हणजे जी इच्छा हालचालीपर्यंत पोहोचली, तीच मोजणीत आली. २०१२ साली आरोन शूर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके याच जागी बोट ठेवले. मेंदूतील क्रियाशीलतेचे चढउतार सतत चालूच असतात आणि त्यांतील एखादा चढ उंबरठा ओलांडतो तेव्हा हालचाल घडते. फक्त हालचालीच्या क्षणांपासून मागे मोजले की तो चढ हळूहळू वाढत आलेल्या निर्णयासारखा दिसतो, असे त्यांनी गणिती प्रतिमान मांडून दाखवले. मला हे स्पष्टीकरण अधिक पटते. मामांना त्या पाच दिवसांत लिबेट यांच्या यंत्राला जोडले असते, तर स्नायूचा संकेतच नसल्याने शून्यबिंदू मिळाला नसता, आणि त्यांच्या हजार इच्छांपैकी एकीचीही नोंद झाली नसती.

हालचाल आणि तिची इच्छा मेंदूतही वेगवेगळ्या करता येतात, हे २००९ साली फ्रान्समध्ये दिसून आले. जागेपणी मेंदूची शस्त्रक्रिया होत असलेल्या सात रुग्णांमध्ये मिशेल देस्मुर्जे यांच्या गटाने सौम्य विद्युत्प्रवाह देऊन पाहिला. कपाळाच्या मागच्या बाजूला असलेल्या हालचालपूर्व भागात प्रवाह दिला की हात किंवा तोंड हलत असे, पण रुग्ण ‘मी काही हललो नाही’ असे सांगत. मेंदूच्या वरच्या-मागच्या बाजूच्या पार्श्वखंडात प्रवाह दिला की हात हलवावा, ओठ हलवावेत अशी ओढ वाटे. प्रवाह थोडा वाढवला की ते हात हलवल्याचेही सांगत, आणि प्रत्यक्षात एकही स्नायू हललेला नसे. हे वाचले त्या संध्याकाळी मी मामांना फोन करून विचारले की बोट हलल्यासारखे कधी वाटले होते का. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, दोनदा वाटले होते, आणि दोन्ही वेळा मामीने ते पाहिले असेल म्हणून ते वाट पाहत राहिले होते.

अशी न हललेली इच्छा बाहेरून पाहता येते का? २००६ साली केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन यांनी एका २३ वर्षांच्या तरुणीला, जी अपघातानंतर पाच महिने कशालाच प्रतिसाद देत नव्हती, एमआरआय यंत्रात टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितले. तिच्या मेंदूतील पूरक चालक क्षेत्र, म्हणजे हालचालीची तयारी करणारा भाग, निरोगी माणसासारखेच उजळले. घरातील खोल्यांतून फिरण्याची कल्पना करायला सांगितल्यावर वेगळे भाग उजळले. ज्या क्षेत्राचा लिबेट यांच्या लहरीशी निकटचा संबंध आहे, त्याच क्षेत्रात तिचे उत्तर आले होते, हालचालीविना. पुढे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सांगितलेली कोणतीही कृती करू न शकणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने अशा सूचना पाळल्याचे आढळले. म्हणजे चारांतील एक. आमच्याकडच्या दवाखान्यांत अशी तपासणी उद्या उपलब्ध होईल असे नाही; पण खाटेशेजारी काय बोलायचे, हे ठरवायला यंत्र लागत नाही.

मामीने यातले काहीही वाचलेले नाही. भेटीच्या वेळेत ती खाटेशेजारी बसून रोज घरचे सांगायची: शेळीला दोन पिल्ले झाली, शेजाऱ्याची बैलजोडी मागून वरच्या वावरात डवरा फिरवला, खालच्या धुऱ्याला मात्र पाणी साचले असून पराटी पिवळी पडते आहे. मी एकदा तिला म्हटले होते की मामांना काही कळत नाही, उगीच कशाला जिवाला त्रास करून घेतेस. तिने माझ्याकडे पाहिले आणि पिल्लांच्या रंगांविषयी सांगणे पुढे चालू ठेवले.

पाचव्या दिवशी डाव्या पायाचा अंगठा हलला. मामा म्हणतात की त्या वेळी ते बोटालाच सांगत होते, अंगठ्याकडे त्यांचे लक्षही नव्हते. नंतर दोन दिवसांनी नळी काढली. आवाज फुटेना, तेव्हा मामी कान त्यांच्या तोंडाजवळ घेऊन वाकली. ते कसेबसे म्हणाले, “धुऱ्याचं पानी उतरलं काय वं?”