रांजणातला आवाज गेला, आणि फायनलची स्क्रिप्ट बदलली

फिल्म शिकताना करतेय त्या डायलॉग एक्सरसाइजचा पिक्चर लॉक झाला (दृश्यांचं एडिट पक्कं झालं) म्हणून मागच्या वेळी लिहिलं आणि त्यानंतर तीन आठवडे गायब, कारण आवाज. काल रात्री साडेअकराला हेडफोनमध्ये मावशीचा आवाज पहिल्यांदा मावशीसारखा ऐकू आला, तेव्हापासून इथे लिहायला हात शिवशिवतायत.

एक्सरसाइज अशी, ३ मिनिटं, मावशी-भाची, स्वयंपाकघर, जुनं घर विकायचं की नाही. कॅमेऱ्याचं जमलं. १८० डिग्रीची लाइन पाळली (कॅमेरा दोघींच्या एकाच बाजूला ठेवला), आयलाइन म्हणजे नजरेच्या दिशा जुळल्या, ऑटो सोडून २५ एफपीएसला (सेकंदाला २५ फ्रेम) शटर १/५० सेकंदावर लॉक केल्यावर ट्यूबलाइटचे ते सरकणारे पट्टेही गेले, आपली वीज ५० हर्ट्झची आहे म्हणून. पण आवाज मात्र रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. खाली शहाबादी फरशी, भिंतींना ऑइलपेंट, कोपऱ्यात गोदरेजचं कपाट, आवाज जाणार कुठे.

आधी संशय ऑटो गेनवर होता, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगवर. मावशी थांबली की मागची घरघर फुगायची, बोलायला लागली की दबायची, त्यामुळे प्रत्येक कटला धक्का. तो बंद केला, गेन हाताने लावला, पीक (आवाजाची सगळ्यात वरची टोकं) मायनस १२ डीबीच्या आसपास ठेवले. फुगणं थांबलं, रांजण तसाच. मग रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फेअरलाइट या आवाजाच्या भागात नॉइज रिडक्शन (मागचा गोंगाट कमी करणारं टूल) लावलं, तर मावशी पाण्याखालून बोलायला लागली. ते टूल सतत चालणाऱ्या घरघरीसाठी चांगलं आहे, फ्री व्हर्जनमध्ये एवढं सगळं मिळतं हे मला अजूनही भारी वाटतं, पण भिंतीवरून परत आलेला मावशीचाच आवाज त्याला कसा ओळखू येणार.

मग भाड्याने शॉटगन (लांब नळीचा माइक) आणली. दुकानदार म्हणाला आजूबाजूचं सगळं कापते, मी ऐकलं. पेंटरच्या रोलरचा लांब दांडा बूम (माइक धरायची काठी) म्हणून घेतला, चार फुटांवर धरला आणि आवाज आधीपेक्षा वाईट! दोन दिवस वाचत बसले तेव्हा कळलं. शॉटगनच्या नळीला बाजूने फटी असतात, बाजूचा आवाज त्यातून आत येऊन एकमेकांना मारतो, मोकळ्यावर हे मस्त चालतं. लहान टणक खोलीत मात्र समोरचाच आवाज छतावरून आणि भिंतींवरून त्या फटींत शिरतो आणि सगळाच रंग बिघडतो. कुठे शूट करताय एवढं तरी दुकानात विचारायला हवं होतं. एका दिवसाचं भाडं गेलं.

ग्रुपमधला एकजण म्हणाला डब कर. आपल्याकडे वर्षानुवर्षं तेच चाललं, अ‍ॅरी २सी कॅमेरा इतका खडखडायचा की सेटवरचा आवाज निव्वळ गाईड, म्हणजे डब करताना ऐकायचा नमुना, असायचा. पण माझी मावशी अ‍ॅक्टर नाही. मेथी निवडता निवडता ती जे "अगं पण..." म्हणून अडते ते बूथमध्ये परत येणार नाही, आणि मला तेच हवंय.

शेवटी गोधड्यांनी वाचवलं. ऊन दाखवून आणलेल्या सहा गोधड्या खोलीत पडल्या होत्या, मी सहज टाळी वाजवली, तर टाळीची शेपटीच नाही! लगेच दोन फरशीवर अंथरल्या, चार कॅमेऱ्यामागे दोरीवर टाकल्या, शॉटगन परत गेलेलीच होती म्हणून माझाच छोटा माइक घेऊन चारवरून दोन फुटांवर आणला. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डीबी वाढतो, खोलीचा घुमारा आहे तेवढाच राहतो. माइक फ्रेममध्ये यायला लागला म्हणून शॉट थोडा टाइट केला, बरा दिसतोय. अंड्यांच्या ट्रेवर कोणी पैसे घालवू नका, गोधडीपुढे ते काहीच नाही.

फ्रीज बंद केला, चालू करायला विसरू नये म्हणून स्कूटरची किल्ली आत ठेवली, जुनी युक्ती आहे पण खरंच कामाची. मग ६० सेकंद रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसताना खोलीचा आवाज. मावशी डोळे मिटून बसली, बांगड्या वाजू नयेत म्हणून हात मांडीत घट्ट. खालच्या मजल्यावरचं पोळपाट अगदी हलकं ऐकू येत होतं. तो एक मिनिट सगळ्या कटांखाली टाकला आणि कट विरघळले. मी तो सलग चार वेळा ऐकला.

आता फायनल फिल्म, १० मिनिटं, तेच घर. प्लॅन होता की दोन्ही सीन गोधड्या लावूनच करायचे. पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं, शेवटच्या सीनमध्ये सामान गेलेलं आहे, घर रिकामं आहे, मग तीन आठवडे ज्याला शिव्या घातल्या तो रांजण तिथे हवाच की! पहिला सीन गोधड्या लावून, माइक जवळ. शेवटचा त्याच खोलीत, काहीही न लावता, माइक चार फुटांवर, आणि रिकाम्या खोलीचा रूम टोन वेगळा घ्यायचा. तसं झालं तर मावशीचं "आता इथं काही उरलं नाही" हे वाक्य लागतच नाही, मला ते पहिल्या ड्राफ्टपासून खटकत होतं. काढलं, आत्ताच.

रविवारी टेस्ट. त्याआधी मावशीला विचारायचंय गोदरेजचं कपाट दिवसभर गॅलरीत काढून ठेवलं तर चालेल का, आणि ते उचलायला चार जण लागतील. पुण्यात असाल तर सकाळी आठला या, पोहे मावशीकडे.